आवाजाचं शेपूट

भाऊजींना माणसांचा आवाज आवडत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला विचारायला नको की बाई, त्या गरीब माणसावर तू एवढी का चिडतेस.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी पाणी खात्यात, काम गळती शोधण्याचं. पहाटे, नळाला पाणी सुटायच्या आधी, रस्ता शांत असताना ते एक पुरुषभर उंचीची पोलादी कांब घेऊन निघत. कांबेच्या वरच्या टोकाला लाकडी बोंड. खालचं टोक जमिनीवर टेकवायचं, बोंडाला कान लावायचा आणि चार हात पुढे जाऊन पुन्हा तेच. जमिनीखाली नळ फुटला असेल तर तो कांबेतून ऐकू येतो म्हणे. मध्येच थांबून ते खडूने फुली मारत आणि म्हणत, "इथे खणा." खणणारे शिव्या घालत खणत आणि पाणी लागे. पाणी खात्यात सगळे त्यांना 'कान' म्हणत. "कान आले का?" "कान रजेवर आहेत." साहेबसुद्धा तसंच म्हणायचे, आणि भाऊजींना त्यात काही वावगं वाटत नसे.

मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. दिवसभर कानाला पट्टा आणि तोंडाला नळी लावून लोकांना लोकांशी जोडून द्यायचं. माझं पोट माझ्या आवाजावर चालायचं आणि भाऊजींचं कानावर. ताई म्हणायची, "तुम्ही दोघं मिळून एक धड माणूस होतं." ती घर सांभाळायची, शिवणाचं मशीन चालवायची आणि बोलायची. ताई भरपूर बोलायची. आमचे आवाज इतके सारखे होते की फोनवर आमच्या आईचीही फसगत व्हायची. मी "हॅलो" म्हटलं की आई ताईच्या शिवणाची चौकशी सुरू करायची. आम्हा दोघींना मात्र फरक ठाऊक होता. ताईचा आवाज वाक्याच्या शेवटी जरा खाली बसायचा, दमून ओट्यावर टेकल्यासारखा. माझा बसत नाही.

आता मुद्द्यावर येते. भाऊजींना नाद होता. रेडिओच्या कचेरीने मोडीत काढलेलं एक रिळांचं यंत्र त्यांनी उचलून आणलं आणि मागच्या खोलीत मांडलं. ट्रंकेएवढं धूड. दोन रिळं गरगर फिरायची आणि मधून तपकिरी फीत सरकायची. त्यांना आवाज टिपायचे होते, पण गाण्याबिण्याचे नव्हे. जिन्याच्या लोखंडी कठड्याचा आवाज. बंद कारखान्याच्या पत्र्याचा, ऊन उतरताना तो आखडतो त्याचा. नळाच्या आतला. त्यासाठी वस्तूला चिकटवायला काहीतरी हवं होतं, म्हणून मीच एक्सचेंजमधून रद्द झालेल्या रिसिव्हरच्या चकत्या आणून दिल्या. ती चकती कठड्याला पट्टीने चिकटवली की कठडा बोलायला लागायचा. तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती, म्हणजे या सगळ्यात माझाही हात होताच.

मग ते तासन्‌तास टिपलेलं कापत बसत. ब्लेडने फीत कापायची, नको तो तुकडा काढायचा, उरलेली टोकं बारीक चिकटपट्टीने जोडायची. शेवटी जे तयार व्हायचं ते असं की चाळीस मिनिटं एकच घुमणं, आणि तेही ऐकू येईल न येईल इतकं. शेजारचे मास्तर एकदा ऐकायला बसले. अर्ध्या तासाने त्यांनी अदबीने विचारलं, "सुरू कधी होणार?"

नको तो तुकडा म्हणजे माणसाचा. भाऊजींचा कायदाच होता तो. टिपणात कुणी शिंकलं, हाक मारली, रस्त्यावर भाजीवाला ओरडला, की कापा. "माणूस बोलला की सगळे त्याच्याकडेच बघतात. वस्तूचं कुणी ऐकत नाही," असं म्हणायचे. घरात माणूस कोण? ताई. मागच्या खोलीत चकती लावलेली असली तरी ताई दारात येऊन विचारायचीच, "चहा ठेवू का?" "अहो, आंघोळीचं पाणी गार होतंय." "ऐकताय ना?" ते हाताने थांब म्हणायचे, नंतर ब्लेड घ्यायचे आणि तेवढा तुकडा काढून टाकायचे. माझ्यासमोर कितीदा तरी काढला. एकदा मी म्हटलंही, "भाऊजी, बायकोला कापताय." ते हसले. ताईही हसली.

एका गोष्टीला मात्र ते हात लावत नसत. मोठ्या रिकाम्या जागेत कुणी हाक मारली की तोंड मिटल्यावरही आवाज थोडा वेळ मागे राहतो. भाऊजी त्याला शेपूट म्हणत. "बोलणं माणसाचं, पण शेपूट जागेचं," हा त्यांचा हिशोब. म्हणून हाक कापायची आणि शेपूट ठेवायचं. शेपटांचा त्यांना फार लळा होता.

कापलेले तुकडे एका डब्यात साठायचे. ताईच्या हातून काही वाया जात नसे. तिने त्या फितीच्या झिरमिळ्या करून गॅलरीच्या गजांना बांधल्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. वाऱ्याने त्या फडफडायच्या, उन्हात चमकायच्या. कबुतरं खरंच यायची थांबली आणि ताईला स्वतःच्या युक्तीचा कोण अभिमान वाटला.

पाणी खात्याच्या करमणूक मंडळाने एकदा भाऊजींचा कार्यक्रम ठेवला. कुणीतरी नाव सुचवलं आणि नको म्हणायला कुणी हजर नव्हतं, एवढंच त्याचं कारण. अकरा लोक आले. दिवे मंद केले आणि टेकडीवरच्या टाकीचं घुमणं सुरू झालं. दहा मिनिटांनी सहा उरले, वीस मिनिटांनी मी, ताई आणि कुलूप लावायला थांबलेला रखवालदार. ताई शेवटपर्यंत ताठ बसली होती. घरी येताना म्हणाली, "छान झालं." मी चिडून विचारलं, "काय छान झालं त्यात?" तर म्हणते, "ते डोळे मिटून बसले होते ना, ते."

ताईचा घसा बसला तेव्हा आम्ही ते बोलण्यावर ढकललं. मी फोनवर चिडवलंसुद्धा की आता आपल्या दोघींत फरक कळायला लागला. महिना झाला तरी आवाज खरखरतच राहिला. मग तपासण्या झाल्या, आणि मग एका डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून त्यातला एक भाग पेनाने खोडला. एवढं काढलं तर जीव वाचेल, म्हणाले. त्या एवढ्यात तिचा आवाज होता.

ऑपरेशनला आठ दिवस होते. घरात यंत्र होतं, कोऱ्या फितींची चवड होती, चकत्या होत्या. खाटेची, रक्ताची, रजेची धावपळ आम्ही केली. कोण कोणत्या दिवशी थांबणार हेही ठरवलं. पण तिला यंत्रासमोर बसवून चार वाक्यं बोलायला लावावीत, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आवाज खरखरीत झाला होता हे खरं, पण होता तर तिचा. जन्मभर कानावर जगणारी आम्ही दोन माणसं, आणि आमची अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे. या गोष्टीवरून मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

ताई परत आली ती गळ्यावर जाळीची पट्टी आणि हातात पाटी घेऊन. शाळेतल्यासारखी लाकडी चौकटीची पाटी. सुरुवातीला ती कामापुरतं लिहायची. पाणी. खिडकी. दुखतंय. मग हळूहळू वाक्यं आली, टोमणेही आले. मी रोज ड्युटी संपली की जायची आणि तिच्या वाटचंही बोलायची. मला वाटायचं, तिला बरं वाटत असेल.

चारेक महिन्यांनी एका दुपारी तिने पाटी भाऊजींपुढे धरली. लिहिलं होतं, 'माझा आवाज लावा.'

भाऊजींना कळेना. तिने पुसून पुन्हा लिहिलं, 'तुमच्या रिळांत असेल ना. एकदा ऐकायचाय.' त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. तिला वाटलं, तिचं म्हणणं कळलं नाही. म्हणून तिने पाटीच्या दोन्ही बाजू भरून लिहिलं, 'मी स्वप्नात बोलते. पण आवाज हिचा असतो. माझा कसा होता ते मी विसरत चाललेय.' आणि पेन्सिल माझ्याकडे रोखली.

त्या दिवसापासून त्या घरात मी कमी बोलायला लागले.

भाऊजी म्हणाले, "आहे. नक्की आहे कुठेतरी. वीस वर्षांचं काम आहे, एखादं वाक्य निसटलंच असेल." त्यांनी शिलकीतली सगळी रजा टाकली. भिंतीला लागून दोनशेच्या वर रिळं होती. प्रत्येकाच्या डब्यावर चिठ्ठी, तिच्यावर जागेचं नाव आणि तारीख. त्यांची एक सवय होती. रीळ लावायच्या आधी चिठ्ठी मोठ्याने वाचायची, रेडिओवरच्या निवेदकासारखी. "जिन्याचा कठडा, सकाळ, चौदा तारीख." मग ऐकायचं. मी संध्याकाळी जाऊन दुसरा कान द्यायची. ताई बाहेरच्या खोलीत मशीन चालवत बसायची आणि आम्ही बाहेर आलो की नुसती बघायची.

माणूस एखाद्या कामात किती चोख असावा याला काही मर्यादा? एक वाक्य निसटलेलं नव्हतं. एक शब्द नव्हता. जिथे जोड होता तिथे फीत सरकताना बारीक 'टक' असा आवाज यायचा, तेवढाच. पहिल्या आठवड्यात आम्ही त्याकडे लक्ष दिलं नाही. मग एका संध्याकाळी टक झालं आणि भाऊजी पुटपुटले, "इथे होती." थोड्या वेळाने पुन्हा टक. "इथेही होती." त्यानंतर ते दर वेळी म्हणायला लागले. एका रिळात एकोणीस वेळा म्हणाले. मला उठून ते यंत्र गॅलरीतून खाली फेकावंसं वाटलं, आणि त्यांनाही.

गॅलरीवरून मला झिरमिळ्या आठवल्या. आम्ही दोघं खुळ्यासारखे धावलो. गज न्‌ गज धुंडाळून गाठी सोडवल्या, वाऱ्यापावसातून उरलेले साठएक तुकडे निघाले; डबा तर कधीचाच रिकामा होता. ताई दारात उभी राहून बघत होती. काय चाललंय ते कळल्यावर ती आत गेली आणि तिची शिवणाची बारीक कात्री घेऊन आली, जुन्या गाठी सुटत नव्हत्या म्हणून. भाऊजींनी एकेक तुकडा कापसाने पुसला, एकाला एक जोडला आणि लावला. ऊनपावसात फितीवरचा लेप पापुद्रे होऊन गेला होता. नुसतं सूं सूं. दीड मिनिटभर सूं सूं, आणि त्यात साठ वेळा टक. ताईने शेवटपर्यंत ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, 'कबुतरं येतील आता.' विनोद करत होती बिचारी.

रिळं संपत आली तशी भाऊजींनी दाढी करणं सोडलं. जेवताना तोंडातला घास तसाच राहायचा. मला म्हणाले, "मी काय काय ठेवलं बघ. पत्रा ठेवला, कठडा ठेवला." सांत्वन मला मुळात जमत नाही, आणि मनातून मला त्यांचं सांत्वन करायचंही नव्हतं.

शेवटच्या फळीवर टाकीची रिळं होती. टेकडीवरची मोठी टाकी वर्षातून एकदा रिकामी करून धुतात. धुणारे गेले की पुन्हा पाणी सोडेपर्यंत ती तासभर रिकामी असते. तो तास भाऊजींचा. ते दोराने यंत्र तळाशी सोडायचे, शिडीने आत उतरायचे आणि बसायचे. त्या दिवशी ताई डबा घेऊन टेकडी चढायची आणि वरच्या तोंडातून हाक मारायची. त्या टाकीत साधं खोकलं तरी ते पुढचे बारा सेकंद फिरत राहतं.

"शेपूट!" भाऊजी म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "हाक कापली असेल, पण शेपूट मी ठेवलंच असणार. ते तिच्याच आवाजाचं शेपूट आहे."

वर्षागणिक रीळ असायला हवं होतं. निघालं एकच. बाकीच्यांवर त्यांनी पुढे दुसरंच काही टिपलं होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली, "मोठी टाकी, रिकामी, दुपार," आणि तारीख आणि साल. लावलं. बराच वेळ नुसता टाकीचा श्वास. मग टक. आणि टकच्या मागून एक आवाज उमटला, शब्द नसलेला. बाईचा होता हे कुणीही सांगितलं असतं. तो गोल फिरला, पातळ होत गेला आणि विरला. भाऊजी माझा हात धरून लहान मुलासारखे रडायला लागले. "सापडली गं. सापडली."

मी सालावर अडकले होते.

त्या साली ताईचा पाय मोडला होता. मांडीपर्यंत प्लास्टर, महिनाभर खाटेवर. घर सांभाळायला मी रजा काढून आले होते. टेकडीवर डबा घेऊन मी गेले होते. वाकून मीच ओरडले होते, "भाऊजी, डबा!" आणि खालून ते न बघताच खेकसले होते, "गप्प बस जरा." बघितलं असतं तरी खालून त्यांना दिसलं असतं ते फक्त उजेडातलं एक काळं डोकं. ताईच्या पायाचं साल त्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि आवाज तर आमचे सारखेच होते.

सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटलं. मी कुणालाही तोंडावर सुनावणारी बाई आहे. त्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. वाटलं, निदान ताईला तरी कळणार नाही. तिला तिचा आवाज आठवतच नाहीये, ती हाच धरून बसेल. हे मी दयेपोटी केलं असं मला म्हणता येत नाही. मला ते सगळं एकदाचं संपायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दाढी केली, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि ताईला यंत्रासमोर खुर्चीत बसवलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ताईने नवं पातळ नेसलं होतं. भाऊजींनी चिठ्ठी वाचली. तारीख आणि साल वाचलं. मी ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिथे काही हललं नाही.

टाकी सुरू झाली. टक झालं. माझा आवाज खोलीभर फिरला आणि विरला. भाऊजींचे डोळे मिटलेले होते, चेहरा त्या कार्यक्रमातल्यासारखा. ताईने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मांडीवरची पाटी उचलली, दोन शब्द लिहिले आणि ती माझ्याकडे वळवली.

'ही तू.'

मी होकाराची मान हलवली. तिने तळहाताने पाटी स्वच्छ पुसली, अगदी कडेपर्यंत. तेवढ्यात भाऊजींनी डोळे उघडले.

"ऐकलंस? तूच ना?"

ताईने ठळक अक्षरांत लिहिलं, 'हो. मीच.'

त्यांनी ते त्या दुपारी किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. दर वेळी ते ताईकडे बघायचे आणि ताई मान डोलवायची. मला बाहेर सोडायला दारापर्यंत आली तेव्हा मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, तिला पाटीवर काहीतरी लिहायचं होतं म्हणून. लिहिलं, 'बोलत जा. बंद का केलंस?' तिने सगळं ओळखलं होतं. तिला जे हवं होतं ते कधीच मिळणार नव्हतं, हेही.

त्यानंतर ताई दोन वर्षं होती. रोज संध्याकाळी ते रीळ लागायचं आणि ती आपल्या नसलेल्या आवाजासमोर हात जुळवून बसायची. तिने एकदाही टाळलं नाही.

ताई गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. भाऊजी थकले आहेत. वाचायचा नाद त्यांना कधीच नव्हता, म्हणून हे लिहायला मी भीत नाही. एक कान पुरता गेलाय, दुसऱ्याने जेमतेम ऐकू येतं. रविवारी मी जाते तेव्हा ते रीळ लावतात, ऐकू येतं तो कान यंत्राला टेकवतात आणि मी समोर बसते. ताईचा खरा आवाज मला आठवायचा असतो, तो शेवटी खाली बसणारा. मी डोळे मिटून खूप प्रयत्न करते. माझाच येतो. तिचा आवाज आता जगात कुणालाच आठवत नाही.

परवा रीळ थांबवून त्यांनी मला विचारलं, "काय म्हणत असेल गं ती तेव्हा?"

"'अहो, डबा,' म्हणत असेल," मी म्हटलं.

"असेल, असेल," ते म्हणाले आणि त्यांनी फीत पुन्हा मागे घेतली.